खांबकाकांची साक्ष

शहराच्या कडेला असलेल्या गोल्फच्या मैदानावर लहानथोर ज्यांना ‘खांबकाका’ म्हणत, ते एकोणसत्तर वर्षे जगले. विशीपासून साठी उलटेपर्यंतचा काळ त्यांनी कॅडी म्हणून काढला आणि उरलेला खुर्चीत बसून. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा, चेंडू कुठे पडला हे ध्यानात ठेवणारा आणि विचारले तरच बोलणारा माणूस. पिशवी काय, कोणीही वाहील. खांबकाकांचे नाव झाले ते ग्रीनवर.

चेंडू ज्या भोकात घालायचा त्या होलभोवती गालिच्यासारखी बारीक कापलेली जी हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. तिथे चेंडू उडवायचा नसतो. नुसता हलक्या हाताने लोटायचा असतो. म्हणूनच तिथले शिष्टाचार कडक. दुसऱ्याचा चेंडू ज्या वाटेने होलाकडे जाणार त्या वाटेवर पाय देऊ नये. आपली सावली होलावर पडू देऊ नये. चेंडू उंचावरून पडून हिरवळीला खळगा पडला असेल तर तो आपला असो वा परक्याचा, बुजवावा. कोणी फटका घेत असता बोलू नये, खोकू नये, खिशातली नाणी वाजवू नयेत. होलात एक झेंड्याची काठी उभी असते. त्या काळी नियम असा होता की, ग्रीनवरून मारलेला चेंडू त्या काठीला लागता कामा नये. मात्र लांबून होल दिसत नाही. म्हणून एकाने काठी धरून उभे राहायचे आणि चेंडू जवळ येताच ती अलगद उचलून बाजूला व्हायचे.

दिसायला काम अगदी सोपे. पण वाऱ्याने झेंडा फडफडू नये म्हणून त्याचे कापड मुठीत गोळा करायचे, अंगाची हालचाल होऊ द्यायची नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी काठी खाचेत अर्धा वेढा फिरवून सैल करून ठेवायची. होलाच्या आत धातूचा एक डबा बसवलेला असतो. त्याला कप म्हणतात. काठीचा बुंधा त्या कपाच्या खाचेत रुततो. काठी घट्ट रुतली असेल तर उचलताना तिच्याबरोबर कपही वर येतो, आणि होलात जायचा तो चेंडू कपाच्या काठावर आपटून परत फिरतो. “आधी सैल कर, मग उभा राहा,” हे खांबकाकांनी किती नव्या कॅडींना शिकवले असेल याची गणती नाही.

त्यांचे टोपणनाव कसे पडले, तेही सांगितले पाहिजे. एकदा एका तापट सभासदाने सोपा फटका हुकल्यावर हातातली काठी भिरकावली. ती खांबकाकांच्या कानाजवळून सणसणत गेली. काका झेंडा धरून उभे होते, ते तसेच उभे राहिले. कारण दुसऱ्या खेळाडूचा चेंडू अजून गडगडत होता. सभासद ओशाळून म्हणाला, “अहो, तुम्ही माणूस आहात की खांब?” दुपारपर्यंत ते नाव कॅडींच्या छपरीत पोहोचले आणि संध्याकाळी काकांबरोबर घरीही गेले.

घर म्हणजे एका धोबीखान्यावरच्या दोन खोल्या. खालच्या वाफेने जमीन बारा महिने कोमट असे. पत्नी घरीच पडदे शिवून देई. ग्रीनवरची शिस्त काकांनी घरातही आणली होती. दोघे बोलत असताना मधून कोणी जायचे नाही. शिवणाऱ्या माणसाच्या उजेडात उभे राहायचे नाही. पत्नी कधीकधी वैतागे.

“अहो, हे घर आहे, तुमची ग्रीन नव्हे. मला शिंक येतेय. आता शिंकू, की तुमचा झेंडा खाली ठेवल्यावर?”

“शिंक. पण दिव्याकडे तोंड करून नको.”

“बघ गं बाई,” ती मुलीला म्हणे, “शिंकेलासुद्धा दिशा आहे आपल्या घरात!”

मुलगी एकुलती एक. सोमवारी मैदान सभासदांना बंद असे आणि कामगारांच्या घरच्यांना खेळायची मुभा असे. तेवढ्या सोमवारांवर ती घडली. काकांनी तिला पहिले वर्ष फटका शिकवलाच नाही. झेंडा कसा धरावा, जमिनीवर ठेवायचा तर आपटू न देता कसा टेकवावा, चेंडू उचलण्यापूर्वी त्यामागे नाणे ठेवून खूण कशी करावी, हेच शिकवले. पोर रडकुंडीला आली.

“बाबा, खेळायला कधी मिळणार?”

“चेंडू आत जाणं आपल्या हातात नाही, पोरी. दुसऱ्याच्या वाटेवर पाय न देणं आपल्या हातात आहे. आधी हातातलं शीक.”

ती शिकली, आणि पुढे अशी खेळू लागली की सोमवारी गवत कापणारी माणसे यंत्र बंद करून बघत उभी राहत. लांबच्या फटक्यात तिच्याहून ताकदवान मुली पुष्कळ होत्या. ग्रीनवर मात्र तिचा हात धरणारी कोणी नव्हती. दरवर्षी मैदानावर सर्वांना खुली अशी एक स्पर्धा होई. तीत जिंकणाऱ्या मुलीला राज्याच्या संघटनेचा संघ उचलून नेई. राहणे, शिकवणे, पुढे प्रशिक्षकाची नोकरी, सारे त्यात आले. वयाची अट बाविशीची होती. ज्या वर्षाची ही हकीकत आहे त्या वर्षी मुलीला बावीस वर्षे पूर्ण होत होती. म्हणजे दार एकच होते आणि तेही लोटले जात होते.

त्याच वर्षी काकांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला.

प्रथम शर्टाची गुंडी काजात जाईना. मग चहाचा कप बशीवर वाजू लागला. पत्नीने ‘थकवा’ म्हणून सोडून दिले आणि कप अर्धाच भरून द्यायला लागली. काकांनी आणखी एक युक्ती काढली: कप मेजावरच ठेवायचा आणि आपणच वाकून प्यायचे. मुलीने ते पाहिले.

“बाबा, डॉक्टरांकडे जाऊ या.”

“स्पर्धा होऊ दे.”

“स्पर्धेचा आणि हाताचा काय संबंध?”

“तुला कळायचं नाही,” ते म्हणाले, आणि खिशात हात घालून गॅलरीत गेले.

संबंध होता. मैदानावर मुकादमाचा दंडक असा होता की, ज्याचा हात किंवा डोळा गेला त्याने ग्रीनवर पाऊल ठेवायचे नाही. काकांचे जोडीदार तात्या, ज्यांच्याबरोबर त्यांनी तरुणपणापासून पिशव्या वाहिल्या, ते असेच एका सकाळी चेंडू धुण्याच्या छपरीत बसवले गेले होते. कोणी वाईट शब्द बोलले नाही. उलट सारे फार गोड बोलले. “तात्या, आता बसा निवांत.” तात्या जिभेचे तिखट. काकांना भेटले की म्हणत, “ये रे खांबा. इथं चेंडू धुतात आणि माणसं वाळत घालतात. तुझीही दोरी बांधून ठेवलीय.” खांबकाका हसत, पण ते दोरीचे बोलणे घरापर्यंत त्यांच्याबरोबर येई.

ग्रीनवर त्यांना एक उपाय सापडला होता. काठी खाली दाबून धरली, तिच्यावर अंगाचा थोडा भार दिला, की हात थांबे. दुरून कोणाला कळत नसे. मात्र काठी दाबली की ती कपात रुते. म्हणून ते आधी सैल करीत, मग दाबत, आणि चेंडू येण्याआधी पुन्हा मनगटाला हिसका देऊन सैल करीत. एवढी तिहेरी कसरत साधत होती, तोवर साधत होती.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मुलगी आपली पिशवी पुसत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “बाबा, उद्या पिशवी तुम्हीच घ्या. झेंडा तेवढा दुसऱ्या कोणाला तरी धरू द्या.”

काकांनी उजवा हात खिशात घातला. मग म्हणाले, “तुझ्या फायनलला झेंडा दुसरा धरणार? आणि मी काय, पिशवी टांगायची खुंटी?”

“तसं नाही हो.”

“अजून एवढा गेला नाही माझा हात.”

आई आतून ओरडली, “अगं, धरू दे की त्यांना! जन्मभर लोकांच्या पोरींचे धरले, आपल्या पोरीचा धरायला मिळतोय तर तू मोडता घालतेस?”

मुलीने फडके झटकले आणि विषय सोडला.

सामना मुलीमुलींचा, एकास एक; ज्या होलात जिचे फटके कमी, तो होल तिचा. समोरची खेळाडू दंतवैद्याची लेक; मोठी नीटस, गुणी मुलगी. शेवटच्या होलापर्यंत दोघी बरोबरीत आल्या. तिथे दंतवैद्याच्या लेकीचा तिसरा फटका ग्रीनबाहेरून येऊन होलाच्या इतका जवळ थांबला की पुढचा फटका हुकणे अशक्य. अशा वेळी समोरच्याने तो न खेळताच मान्य करायचा रिवाज असतो. काकांच्या मुलीने लगेच मान्य केला. “दिला,” ती म्हणाली आणि चेंडू स्वतः उचलून प्रतिस्पर्धी मुलीच्या हातात ठेवला. म्हणजे तिचे झाले चार फटके.

काकांच्या मुलीचा चेंडू दोन फटक्यांतच ग्रीनवर आला होता, पण पार दुसऱ्या टोकाला. मध्ये हिरवळीचा उंचवटा. तो चेंडू एका फटक्यात आत गेला तर सामना तिचा. जवळ थांबला तर बरोबरी आणि पुढे जादा होल. तिने होलामागून वाट पाहिली, चेंडूमागून पाहिली. मग बापाकडे पाहून म्हणाली, “झेंडा धरा.”

काकांनी काठी फिरवून सैल केली. सावली मागे पडेल असे उभे राहिले, कापड मुठीत घेतले. भोवती जमलेली माणसे गप्प झाली. आणि त्या शांततेत त्यांचा हात असा थरथरू लागला, जसा घरीही कधी थरथरला नव्हता. त्यांनी काठी दाबली. थरथर थांबेना, आणखी दाबली, सारा भार टाकला.

मुलीने फटका घेतला. चेंडू उंचवट्यावर चढला, क्षणभर रेंगाळला आणि मग उतारावरून असा वळत आला, जणू कोणी त्याला घराचा पत्ता सांगून ठेवला होता. काठी सैल करायचे काकांच्या ध्यानातून गेले. चेंडू टप्प्यात आला तेव्हा त्यांनी ती ओढली. काठी आली, आणि तिच्या टोकाला रुतलेला कपही बोटभर वर आला. चेंडू कपाच्या काठाला खट्कन लागला, बाजूला उडाला आणि उतारावरून खाली गडगडत गेला.

जमलेल्यांच्या तोंडून ‘अरेरे’ निघाले. मुलगी जागच्या जागी उभी राहिली.

पंच म्हणून आलेले गृहस्थ निवृत्त भूमापन अधिकारी होते. नियमांचे पक्के, आणि काकांना वीस-पंचवीस वर्षे ओळखणारे. ते ग्रीनवर आले, दोघींना जवळ बोलावले आणि म्हणाले, “नियम स्पष्ट आहे. चेंडू लागला त्या क्षणी कप हलत असेल, तर हा फटका रद्द. चेंडू मूळ जागी ठेवायचा आणि पुन्हा खेळायचा. कप स्थिर असेल, तर चेंडू जिथे थांबलाय तिथूनच पुढे खेळायचं. शंका असली तरी स्थिरच धरायचं. मला कडेवरून दिसलं नाही. काकांचे बूट आड आले. काका, काठी तुमच्या हातात होती. तुम्ही सांगाल ते.”

दंतवैद्याची लेक लगेच म्हणाली, “काका म्हणतील ते मला मान्य आहे.”

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. मुलगीही त्यांच्याकडेच पाहत होती.

खांबकाकांना शंका नव्हती. डोळ्यांनी पाहावे लागले नव्हते. तळहातालाच ठाऊक होते. कप काठीच्या टोकाला लटकला होता आणि हाताबरोबर लटलट हलत होता. चेंडू लागला तेव्हाही हलत होता. खरे होते ते एवढेच, आणि ते सांगायला एक शब्द पुरा होता.

पण तो शब्द उच्चारावा तर पुढचा प्रश्न आलाच: काठी वर घेऊन झाली होती, मग कप हलत कशाने होता? आणि त्याचे उत्तर सर्वांसमोर हात पुढे करून द्यावे लागले असते. मुकादम तिथेच उभा होता. त्यांना छपरीतली बादली दिसली, तात्यांची ओली बोटे दिसली. त्याच वेळी आणखी एक विचार आला, की लोक म्हणतील, पोरीसाठी बाप खोटे बोलला; इतक्या वर्षांच्या सचोटीला लेकीच्या वेळी भोक पडले. आणि तिसरे, ज्याला विचारही म्हणता येणार नाही असे: एवढ्या लोकांनी ‘खांब’ म्हणून ज्याच्याकडे पाहिले त्याने ‘मी हललो’ हे म्हणायचे तरी कसे! या तिन्हींतले कोणते आधी आले, हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नाही.

“थांबला होता, साहेब,” ते म्हणाले.

पंचांनी मान तुकवली. “चेंडू आहे तिथून खेळायचा.”

मुलीने एकवार बापाच्या मुठीकडे पाहिले. मग ती उताराच्या तळाशी गेली. तिथून चढावर आडवे वळण होते. काठी आता लांब ठेवून दिली होती; तिच्या चेंडूच्या वाटेपासून दूर, हात पाठीशी बांधून काका उभे होते. चेंडू होलाच्या कडेला स्पर्श करून पुढे गेला. आता तिचे निदान पाच फटके होणार. सामना संपला.

तिने टोपी काढली, दंतवैद्याच्या लेकीचा हात हातात घेतला, म्हणाली, “छान खेळलीस.” पंचांशी हस्तांदोलन केले. मग खाली बसून, आपल्या बुटांनी हिरवळीवर उठलेला एक ओरखडा बोटांनी नीट केला आणि सर्वांबरोबरच ग्रीनवरून बाहेर पडली. शिकवले होते तसेच सारे, रीतसर.

घरी आई दारातच उभी होती. चेहरे बघून ती समजली.

“काय झालं गं?”

“हरले. चेंडू कपाला लागला.”

“म्हणजे कुणाची चूक?”

“कुणाची नाही, आई. असं होतं कधीकधी.” आणि ती हात धुवायला गेली.

काका पायांतले बूट काढायचे विसरून खुर्चीत बसले होते. तिचे ते वाक्य त्यांनी ऐकले. मुलगी खोटे बोलायला शिकली ती आपल्याकडून, आपल्यासाठी आणि आजच, एवढे त्यांना कळले. पण तोंडात मूग भरले ते भरलेच.

खरी शिक्षा पुढेच होती. बापाने पोटच्या पोरीविरुद्ध साक्ष दिली, ही गोष्ट मैदानभर झाली. जो तो येऊन काकांची पाठ थोपटू लागला. “काका, हलत होता म्हणाला असता तर कोण विचारणार होतं? पण नाही! धन्य आहे!” क्लबाच्या वार्षिक सभेत त्यांना चकाकत्या पितळेची पाटी देण्यात आली, तिच्यावर ‘सचोटीचा खांब’ असे कोरले होते. आई नव्या पोशाखात पहिल्या रांगेत बसली आणि डोळे पुसत राहिली. शेजारी मुलगी बसली होती. अध्यक्ष म्हणाले, “आणि धन्य ती कन्या, जिने हूं की चूं केलं नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीनेही वाजवल्या, कारण अशा प्रसंगी हात मांडीवर ठेवून बसणे बरे दिसत नाही.

सोमवारी ती मैदानावर जाईनाशी झाली. एका औषधाच्या दुकानात तिला काम लागले. बापाशी ती पूर्वीइतक्याच अदबीने वागे, औषधे आणून देई, गुंड्या लावून देई. तक्रार करावी तर जागा सापडू नये, इतके ते वागणे नेटके होते. काकांना वाटे, एकदा ओरडली असती, भांडे आपटले असते तर बरे झाले असते.

हिवाळा सरेपर्यंत काकांचा हात लपवण्यापलीकडे गेला. मुकादमाने गोड शब्दांत त्यांना छपरीत बसवले. तात्यांनी जागा करून दिली. त्या दिवशी तेसुद्धा काही बोलले नाहीत. म्हणजे ज्यासाठी सारे केले तेही वाचले नाही.

एका दुपारी काका पंचांच्या घरी गेले. पंच बागेत वर्तमानपत्र वाचत होते. काकांनी बसण्याआधीच सांगून टाकले: “साहेब, कप हलत होता. मी खोटं बोललो.”

पंचांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. “काका, निकाल जाहीर झाला. आता तो बदलत नाही.”

“निकालाचं राहू द्या. तुम्ही फक्त संघटनेला कळवा, की तिचा एक फटका राहिलाय. ते काय करायचं ते करतील.”

“तुम्हाला पोरीचं वाईट वाटतंय. बापाचं काळीज आहे, मी समजू शकतो.”

“काळजाचं नाही हो, खरं सांगतोय!” काकांनी हात पुढे केला. तो दोघांमध्ये थरथरत राहिला. “हा बघा. हाच हात होता.”

“हा आजचा हात आहे,” पंच मृदुपणे म्हणाले. “त्या दिवशी मी तुम्हाला पाहिलं होतं. खांबासारखे उभे होता. तेव्हा जे बोललात ते खरं, आणि आता बोलताय ते लेकीच्या मायेपोटी. मी हे कोणाला सांगणार नाही, काळजी करू नका.”

त्यांनी काकांना चहा विचारला. काका नको म्हणाले. कप धरता आला नसता.

त्या संध्याकाळी पत्नी पडदे पोहोचवायला बाहेर गेली होती. मुलगी बापाच्या शर्टाची बाही वर दुमडून देत होती. काका एकदम म्हणाले, “कप हलत होता.”

तिचे हात थांबले नाहीत. “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तेव्हापासून. मी समोरच होते ना, बाबा. तुमच्या मुठीतून झेंड्याचं टोक बाहेर आलं होतं. ते थरथरताना दिसत होतं.”

“मग बोलली का नाहीस? पंचांना सांगायचं होतंस!”

“पंचांनी तुम्हाला विचारलं होतं.” तिने दुसरी बाही हाती घेतली. “आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल. चेंडू उचलून मूळ जागी न्यायचा, म्हणून खुणेला मी नाणंसुद्धा खिशातून काढलं होतं.”

काकांना हुंदका आवरला नाही. तिने त्यांना रडू दिले. मग पदरचे चार शब्द घालून समजूत काढावी तसे ती म्हणाली, “आदल्या संध्याकाळी मीच नेट लावायला हवा होता. आई ओरडली आणि मी गप्प बसले.”

“तिला सांगू?”

“नको,” ती म्हणाली. “तिला एक तरी गोष्ट असू दे.”

यापुढे त्या विषयावर बापलेकींत बोलणे झाले नाही. काका आणखी सहा वर्षे जगले. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, हा बहुधा बराच आधी सुरू झाला असावा असेही सांगितले. पत्नीला खेळातले काही कळत नसल्याने त्या वाक्याचा आणि त्या सामन्याचा संबंध तिने कधी जोडला नाही. शेवटी शेवटी मुलगीच त्यांना भरवी. घास देताना त्यांच्या गालाला लावलेला आपला हात हलू नये म्हणून ती श्वास रोखून धरी; काका घास घेत आणि डोळे मिटून घेत.

त्यांच्यामागे ज्या गोष्टी मार्गी लागल्या त्या अशा. क्लबाने कॅडींच्या कुटुंबनिधीतून पत्नीला दरमहा रक्कम बांधून दिली. तात्या शेवटच्या निरोपाला आले आणि छपरीतली काकांची खुर्ची घरी पोहोचवून गेले. क्लबाने काकांच्या नावे सचोटीचा एक चषक सुरू करायचे ठरवले आणि मुलीची संमती मागितली. तिने ‘हो’ म्हटले. आपण समारंभाला येणार नाही, एवढेच कळवले. त्या सामन्याचा निकाल आहे तसाच आहे. दंतवैद्याची लेक आता नामांकित प्रशिक्षक आहे आणि शिष्यांना शिष्टाचार शिकवताना काकांचे उदाहरण देते. मुलीचा एक फटका राहिला आहे. तो कोणाकडे मागायचा याला काही नियम नाही.

पितळेची पाटी आई दर रविवारी पुसते. घरी कोणी नवे माणूस आले की ती त्याला पाटीसमोर बसवते आणि सारी हकीकत सांगते: कसा शेवटचा होल, कसा लांबचा चेंडू, कसे शेकडो लोक, आणि पंचांनी विचारताच पोटची पोर समोर असूनही हा माणूस कसा खरे बोलला. सांगून झाले की ती मुलीकडे वळते.

“हो ना गं? तूच सांग, तू तर तिथं होतीस.”

“हो, आई,” मुलगी म्हणते. “मी तिथंच होते.”